सायकलीने कामावर जाताना

कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापासून पुढे कावेरीचे एकच एक पात्र राहत नाही. ती अनेक फाट्यांनी समुद्राकडे जाते, आणि त्या फाट्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळाचा जो विस्तीर्ण सपाट प्रदेश तयार झाला आहे त्यात कुंभकोणम हे शहर वसलेले आहे. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार आणि दोहोंच्या मधल्या पट्टीत देवळे, तळी, पितळी भांड्यांची दुकाने व बाजार अशी त्याची मांडणी आहे. मराठी वाचकाला हे नाव परके वाटू नये. तंजावरास भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते. त्या काळात या मुलखात स्थायिक झालेली मराठी घराणी आजही तेथे आहेत. आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. तथापि प्रस्तुत पुस्तिकेत कुंभकोणमची निवड केली आहे ती इतिहासासाठी नव्हे. रोज सायकलीने कामावर जाऊ इच्छिणाऱ्या माणसापुढे नेमके कोणते अडथळे असतात याचा विचार करण्यास हे शहर फार सोयीचे आहे. कारण ज्याची सर्वांना धास्ती वाटते तो चढ येथे जवळजवळ नाहीच. चढ वजा केल्यावर जे उरते ते येथे स्पष्ट दिसते.

चढ नाही म्हणजे किती नाही, हे प्रथम पाहू. तंजावरहून कुंभकोणमचा रस्ता सुमारे ४० किलोमीटरांचा आहे आणि तेवढ्या अंतरात जमीन ३५ मीटरही उतरत नाही. म्हणजे किलोमीटरमागे एक मीटरदेखील उतार पडत नाही. सायकल व स्वार मिळून ८० किलोग्रॅम वजन धरले, तर एवढ्या उतारामुळे मागे किंवा पुढे ओढणारे बल एका न्यूटनच्याही आत राहते. उलट एखाद्या घाटातला वीस मीटरांस एक मीटर असा चढ घेतला, तर तेच बल सुमारे ३९ न्यूटन होते. आपल्याकडे कात्रज किंवा पसरणी चढलेल्या माणसास हा फरक आकड्यांवाचूनही ठाऊक असतो. कुंभकोणमात चढ म्हणून काही असेल तर तो एखाद्या पुलावर चढतानाचाच. तेवढ्यापुरते उतरून सायकल हातात धरून चालावे, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता अंतरे पाहा. दगडी रथासारख्या मंडपाचे चोलकालीन देऊळ ज्या दारासुरम गावी आहे ते पश्चिमेस ४ किलोमीटरांवर. रेशमी लुगड्यांचे तिरुभुवनम पूर्वेस सात-आठ किलोमीटरांवर. समयांसाठी प्रसिद्ध असलेले नाच्चियारकोविल आग्नेयेस सुमारे दहा किलोमीटरांवर. दुकानातला नोकर, शाळेतली शिक्षिका, कचेरीतला कारकून, मागावर जाणारा विणकर यांची रोजची ये-जा बहुधा याच मापाची असते. २०११ च्या जनगणनेत माणसे कामावर कशी जातात हा प्रश्न विचारण्यात आला. शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक त्या वेळी सायकलीने जात होते. शंभरात तेरा हा आकडा थोडा नाही. तरीही सायकल हे नाइलाजाचे वाहन आहे अशी समजूत सुशिक्षितांत पसरलेली आढळते.

ही समजूत शेजारच्याच पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील स्त्रियांना मान्य झाली नसती. तेथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी चळवळ झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीच्या जोडीला सायकल शिकणे हा त्या चळवळीचा भाग केला, आणि शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका अशा हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बायकी सायकली पुरेशा मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच अधिक पसंत पडल्या, कारण पुढच्या नळीवर मूल बसवता येते. या स्त्रियांना वेगाची हौस नव्हती. बसची वाट पाहण्यात, आणि कोणी पुरुष नेऊन सोडील याची वाट पाहण्यात, त्यांचे दिवस खर्ची पडत होते. तामिळनाडूत २०२१ च्या मे महिन्यापासून साध्या नगर-बसगाड्यांत स्त्रियांना भाडे पडत नाही, ही गोष्ट चांगलीच झाली. पण बस केव्हा येईल आणि शेवटचे दोन किलोमीटर कसे जायचे हे प्रश्न भाडे माफ झाल्याने सुटत नाहीत. रोजच्या वेळेवर स्वतःची सत्ता असणे ही सायकलीची खरी मिळकत आहे.

विरोध कोणाचा?

सपाट रस्त्यावर स्वाराला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात : टायर आणि हवा. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो चपटा होतो व पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात काही ऊर्जा रबरातच उष्णता होऊन नाहीशी होते. हा विरोध वेग वाढला म्हणून फारसा वाढत नाही. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट केला की हवेचे विरोधी बल चौपट होते, आणि त्या बलाविरुद्ध दुप्पट वेगाने जावयाचे असल्याने लागणारी शक्ती आठपट होते.

ताठ बसून चालवावयाच्या साध्या सायकलीसाठी ठोकळ हिशेब असा येतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे ५० वॉट शक्ती पुरते. ताशी २० किलोमीटरांना सुमारे ९५ वॉट लागतात, आणि ताशी २५ किलोमीटरांना सुमारे १६०. तिरुभुवनमचे ८ किलोमीटर पहिल्या वेगाने ३२ मिनिटांत होतात, शेवटच्या वेगाने १९ मिनिटांत. तेरा मिनिटे वाचविण्यासाठी तिपटीहून अधिक जोर लावावा लागतो. नवशिक्याची पहिली चूक हीच असते. तो शर्यत असल्याप्रमाणे निघतो, तिसऱ्या दिवशी पाय दुखू लागतात, आणि सायकल आपल्या प्रकृतीला मानवत नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. ५० वॉट म्हणजे निरोगी माणसाला रमतगमत चालण्याइतकेच श्रम आहेत. ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले की, तेवढेच अंतर कापण्यास पायी चालणाऱ्याला जितकी ऊर्जा लागते तिचा सुमारे पाचवा हिस्सा सायकलस्वाराला पुरतो. चालत्या प्राण्यांत व यंत्रांत इतका काटकसरी प्रवास त्यांना अन्यत्र आढळला नाही.

टायरच्या विरोधाचा एक प्रयोग शाळांना सहज करता येईल. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी १५ किलोमीटरांच्या वेगाने येऊन एका खुणेपाशी पायडल मारणे थांबवावे आणि सायकल आपोआप कोठवर जाते ते मोजावे. हवा पुरती भरलेली असता ती सुमारे ७५ मीटर जाईल. टायर मऊ असेल तर ४५ मीटरांच्या आसपासच थांबेल. जी सायकल अलीकडे थांबली ती रोज तेवढीच अधिक ओढावी लागणार, हे मुलांच्या ध्यानात आपोआप येते. अंगठ्याने दाबून हवा पाहण्याची पद्धत फसवी आहे. टायरच्या कडेवर किती दाबाची हवा भरावी हे उठवलेले असते. दुकानातल्या दाबमापकावर आठवड्यातून एकदा ते जुळवून घ्यावे.

वाऱ्याची बाब कुंभकोणमात विशेष महत्त्वाची आहे. तमिळ पंचांगातील आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, या प्रदेशात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो; या वाऱ्यात पाटा-वरवंटासुद्धा उडून जाईल अशी तिकडे म्हण आहे. समजा समोरून ताशी १५ किलोमीटरांचा वारा आहे आणि स्वार हट्टाने आपल्या नेहमीच्या १५ च्या वेगाने चालला आहे. त्याच्या छातीवर ताशी ३० किलोमीटरांची हवा आदळते, आणि लागणारी शक्ती ५० वरून सुमारे १२५ वॉटवर जाते. तोच स्वार वेग १० वर आणील तर काम ६०-६५ वॉटमध्ये भागते. यावरून नियम असा निघतो की, समोरच्या वाऱ्यात वेग कायम न ठेवता श्रम कायम ठेवावेत आणि घरातून दहा-पंधरा मिनिटे आधी निघावे. शहरातून दारासुरमकडे सकाळी जाणाऱ्याला या दिवसांत वारा समोरून लागतो, पण संध्याकाळी थकून परतताना तोच पाठीशी असतो. तिरुभुवनमला जाणाऱ्याचे याच्या उलट होते. दोघांनी एकाच घड्याळाने निघणे शहाणपणाचे नव्हे.

उष्णतेचा हिशेब

चढाची जागा या प्रदेशात उष्म्याने घेतली आहे. मानवी शरीर हे यंत्र म्हणून पाहिले तर फार कार्यक्षम नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चतुर्थांश पायडलापर्यंत पोहोचते आणि उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. म्हणजे ५० वॉट काम करणारा स्वार त्याच वेळी सुमारे १५० वॉट उष्णता निर्माण करतो, आणि १६० वॉट काम करणारा सुमारे ४८०. आठ किलोमीटरांच्या प्रवासात सावकाश जाणाऱ्याच्या अंगात एकूण सुमारे २९० किलोज्यूल उष्णता तयार होते; घाई करणाऱ्याच्या अंगात, त्याने वेळ कमी घेऊनही, सुमारे ५५०. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेतो. तेव्हा ही सारी उष्णता घामानेच जाते असे धरल्यास पहिल्याला १२० ग्रॅम घाम वाळवावा लागेल आणि दुसऱ्याला २३०. उन्हाची उष्णता यात धरलेलीच नाही. पहिला अर्धा पेला, दुसरा पेलाभर. कचेरीत ओलेचिंब होऊन पोहोचण्याची जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुतेक या दुसऱ्या अर्ध्या पेल्यात असते.

येथे ‘वाळणे’ हा शब्द जपून वापरला आहे. निथळून खाली पडलेला घाम अंग थंड करीत नाही, वाळलेलाच करतो. नदीकाठच्या दमट हवेत घाम सावकाश वाळतो, पण सायकल चालू असता अंगावरून वाहणारा वारा त्याला साहाय्य करतो. म्हणूनच वाटेत फारसे काही वाटत नाही आणि कामाच्या ठिकाणी उतरताक्षणी दरदरून घाम फुटतो : वारा थांबलेला असतो, पण स्नायूंतली उष्णता अजून बाहेर येतच असते. यावर उपाय साधा आहे. शेवटचा किलोमीटर ताशी १० च्या वेगाने जावा. पोहोचल्यावर पाच-सात मिनिटे सावलीत थांबावे, तोंड-हात धुवावेत आणि मग सदरा बदलावा. आल्या आल्या बदललेला सदराही भिजतो. पिशवी पाठीवर न घेता कॅरियरला बांधावी; पाठ ही घाम वाळण्याची मोठी जागा आहे, ती झाकून टाकणे परवडत नाही.

शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. ही सवय मे महिन्यात, ज्याला तिकडे अग्निनक्षत्रम् म्हणतात त्या कडक उन्हात, लावून घेण्याचा प्रयत्न करू नये. कुंभकोणमचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. तो संपून पोंगल झाला की जानेवारीच्या मध्यापासून हवा आल्हाददायक असते व रस्ते कोरडे असतात. आरंभाला याहून बरा काळ नाही. महाराष्ट्रात हाच मुहूर्त दिवाळीनंतर सापडेल. चक्कर येणे, मळमळणे, घाम अचानक थांबून कातडी तापणे ही लक्षणे दिसल्यास मात्र सवयीची वाट न पाहता सावलीत थांबून अंगावर पाणी घ्यावे व वैद्यकीय मदत मागवावी.

जुनी सायकल कामाला लावणे

तामिळनाडूत शासनातर्फे उच्च माध्यमिक वर्गांतील विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना या शतकाच्या आरंभापासून चालू झाली. मूल शाळा संपवून गेले की अशी सायकल पुष्कळ घरांत भिंतीला टेकून राहते. तीच नव्या उद्योगास पुरेशी आहे. ती बाहेर काढल्यावर प्रथम सीटची उंची पाहावी. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट फार खाली बसविण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे गुडघा सदैव वाकलेला राहतो व काही दिवसांत दुखू लागतो. सीटवर बसून टाच खालच्या पायडलावर ठेवली असता पाय सरळ व्हावा, एवढी उंची योग्य. चालविताना चवड्याने पायडल दाबले म्हणजे गुडघ्यात आपोआप किंचित बाक राहतो.

त्यानंतर चाक उचलून फिरवावे. ते डुलत असेल तर कारागिराकडून त्याचा आऊट काढून घ्यावा. दारासुरमच्या मंडपाला कोरलेले दगडी चाक किंवा आपल्या बैलगाडीचे लाकडी चाक आणि सायकलचे चाक यांत एक मूलभूत भेद आहे. गाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर खांबासारखा उभा राहतो. सायकलची बारीक तार खांब होऊ शकत नाही, ती वाकेल. म्हणून सर्व तारा आधीच ताणून बसविलेल्या असतात आणि भार आला की खालच्या तारांचा ताण तेवढा कमी होतो. ताण सैल पडलेल्या चाकाची ताकद गेली असे समजावे. नव्या सायकलच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या सैल पडतात, त्या वेळी एकदा दुकानात नेणे आवश्यक आहे. चेनला तेलाचे चार थेंब आणि ब्रेकची झिजलेली रबरे बदलणे, एवढे केले की बहुतेक काम झाले.

ज्याला सायकल मुळीच येत नाही अशा प्रौढानेही संकोच करू नये. पायडले काढून टाकावीत, सीट खाली घ्यावी आणि पायांनी जमीन रेटीत जावे. १८१७ साली जर्मनीतील कार्ल ड्राइस याने बनविलेली पहिली दुचाकी अशीच, पायडलाविना, रेटीत चालविली जात असे. ज्या बाजूला तोल जातो त्याच बाजूला हँडल किंचित वळवणे हे तोल सावरण्याचे मर्म आहे. ते पायांना आणि हातांना कळले की पायडले परत बसवावीत. चाकांच्या फिरण्यामुळेच सायकल उभी राहते असे जुन्या पुस्तकांत वाचावयास मिळते; परंतु २०११ साली काही संशोधकांनी तो परिणाम नाहीसा केलेली, तरीही स्वाराविना स्वतःचा तोल सांभाळणारी सायकल बनवून दाखविली. सर्व उलगडा इतका सोपा नाही.

थांबणे

चालविण्यापेक्षा थांबण्याचा विचार आधी करावयास हवा होता, असे कोणी म्हटल्यास ते खोटे नव्हे. समोर काही आडवे आल्याचे ध्यानात येऊन बोटे ब्रेकवर दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी १५ च्या वेगाने तेवढ्यात ४ मीटर अंतर संपते व पुढे ब्रेकने थांबण्यास आणखी ३ मीटर लागतात, एकूण ७. ताशी २५ ला हेच अंतर सुमारे १५ मीटर होते. लोखंडी रिम पावसाने भिजली की रबराची पकड फार कमी होते आणि ब्रेकचे अंतर कित्येक पटींनी वाढते. म्हणून पावसात ब्रेक आधीपासून हलकेच दाबून धरावा. रबर रिमवरचे पाणी पुसून काढते, आणि मग पकड मिळते. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर सरकतो व मागचे हलके होते, यास्तव केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा घसरतो. दोन्ही एकदम, पण झटका न देता दाबावेत.

वाटेची निवड पहिल्या सोमवारी करावयाची नसते. आधीच्या रविवारी सकाळी एकदा जाऊन यावे, किती वेळ लागला ते टिपून ठेवावे आणि त्यात पंधरा मिनिटे मिळवावीत. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस जावे, पुढच्या आठवड्यात तीन. बसगाड्यांचा हमरस्ता जवळचा असला तरी देवळाभोवतीच्या रथवीथी किंवा कालव्याकाठची वाट अर्धा किलोमीटर लांब पडून बहुधा अधिक सुखाची ठरते. आठवड्यातून एक दिवस भरदुपारी परतावे लागत असेल तर सावलीची बाजू कोणती हेही पाहून ठेवावे. या अक्षांशावर सूर्यास्त वर्षभरात पावणेसहा ते पावणेसात यांच्या दरम्यान होतो. त्यामुळे हिवाळ्यात सहाला सुटणारा माणूस अंधारातच परततो. पुढे दिवा आणि मागे तांबडा दिवा किंवा प्रकाश परतविणारी तांबडी काच यांवाचून त्याने निघू नये.

आणखी एक गोष्ट या प्रदेशाची खास आहे आणि ती कोणत्याही परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही. भाताची कापणी झाली की शेतकरी मळणीसाठी व वाळवणासाठी भात डांबरी रस्त्यावरच पसरतात. सांबा पिकाच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारीत, रस्त्याची अर्धी रुंदी कित्येक ठिकाणी धान्याने व पेंढ्याने झाकलेली असते. वर सांगितलेला आरंभाचा उत्तम काळ तो हाच. दाणे चाकाखाली छऱ्यांसारखे फिरतात व ब्रेक दाबताच सायकल आडवी होते. तेथे पोहोचण्यापूर्वीच वेग कमी करावा, हँडल सरळ ठेवावे, ब्रेकला हात लावू नये; आणि मागून बस येत असल्यास खाली उतरून धान्याच्या कडेने सायकल ढकलीत न्यावी.